बिनखाणीच्या बेटावरच्या बाई

सिंगापुरात खाण नाही. कधीकाळी दगडाच्या होत्या, त्या बंद पडून त्यांची तळी झाली आणि तळ्यांभोवती बागा. तरीही मी इथे खाणकाम करते म्हणून मला कामाचा पास मिळाला, पुढे पीआर, म्हणजे कायमचं राहायची परवानगी मिळाली, आणि चंद्रपुरात बाबांनी गल्लीभर सांगून टाकलं की पोरगी सिंगापूरच्या खदानीत मोठी इंजिनिअर आहे. मी त्यांना एकदा फोनवर समजावून पाहिलं. खदान दुसऱ्या देशात आहे, कंपनी तिसऱ्या देशातली आहे, आणि मी शेंटन वेवरच्या एका काचेच्या इमारतीत बसून कॉम्प्युटरवर बोगदे काढते. बाबांची सगळी नोकरी कोळशाच्या खाणीत ओव्हरमन म्हणून, खाली पाळीवर देखरेख करण्यात गेली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की मग घाण कुठं होते. मी म्हटलं, घाण तिकडे होते, इथे फक्त मीटिंगा होतात. त्यांना ते पटलं नाही. मलाही पटायला बराच काळ लागला होता.

आमच्या ऑफिसात खाणीची आठवण मात्र जागोजागी ठेवलेली होती. रिसेप्शनला काळ्या चौथऱ्यावर तांब्याच्या खनिजाचा एक धोंडा होता आणि त्याच्यावर वरून दिवा सोडलेला होता. मीटिंगच्या खोल्यांना खनिजांची नावं होती. फोनवर खासगी बोलायला जी बारकी खोली होती तिला खाणीत उतरायच्या पिंजऱ्यासारखं जाळीचं दार लावलं होतं, आणि त्यात उभं राहून लोक मुलांच्या ट्यूशनबद्दल बोलत. माल विकणारे होते, कर वाचवणारे होते, पर्यावरणाबद्दल गोड लिहिणारे होते. खाण पाहिलेले मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यांत मीही नव्हते. मी नागपूरला मायनिंग शिकत होते तेव्हा बायकांनी जमिनीखाली काम करायचं नाही असा आपल्याकडे कायदा होता. वर्गातली मुलं प्रशिक्षणाला खाली जायची आणि मला लॅम्परूममध्ये बसवायचे, टोपीवरचे दिवे देण्याघेण्यासाठी. पुढे कायदा सैल झाला. तोवर मी सिंगापुरात जमिनीपासून पुष्कळ वर पोचले होते.

अशा ऑफिसात बाई आल्या.

मी त्यांना बाई म्हणते ते आमच्या घरातलं नाव. त्या ऑस्ट्रेलियाच्या; तिकडे सगळे एकमेकांना सरसकट पहिल्या नावाने हाक मारतात आणि ऑफिसात मीही तेच करत असे, पण घरी नवऱ्याशी बोलताना माझ्या तोंडून बाईच निघायचं. शाळेतल्या कडक बाई असतात ना, तशा त्या होत्या. उंच, हाडापेराने मजबूत, केस कानाच्या वर कापलेले, आणि आवाज असा की शेजारच्या खोलीतली मीटिंग थांबावी. यंत्रांच्या आवाजावर ओरडून आयुष्य गेलं, आता आवाज खाली येत नाही, असं त्या सांगत. चहा इतका वाईट करत की तो प्यायला नकार देणं हाच आमच्या विभागाचा एकमेव उघड बंडाचा प्रकार होता.

त्यांची कारकीर्द आम्हाला त्यांच्याच तोंडून कळली, तुकड्यातुकड्यांनी, बहुतेक जेवणाच्या सुट्टीत. जन्म एका कोरड्या, तापलेल्या खाणगावात. वडील खाणीच्या कँटीनमध्ये आचारी. मायनिंगला प्रवेश घेतला तो मुली घेत नाहीत असं कुणीतरी सांगितलं म्हणून. पदवी मिळाली तेव्हा त्यांच्याकडेही बायकांना खाली जायची बंदी होती, म्हणून त्यांना नकाशे रंगवायला बसवलं. मग तिथला कायदा बदलला. तेव्हा कंपनी म्हणाली की खाली बायकांसाठी संडास नाही. "कायदा बदलणं सरकारला जमलं," बाई सांगायच्या, "संडास बांधणं काही कंपनीला जमेना." शेवटी संडास नाही तर नाही म्हणत त्या खाली गेल्या. पहिल्या दिवशी पाळीतली माणसं वरच बसून राहिली. बाई खाली आली की खाण कोपते अशी त्यांची समजूत. फोरमन म्हणाला की माझं स्वतःचं काही म्हणणं नाही, पण खाणीला चालत नाही. बाईंनी विचारलं, तुला खाण हे कधी बोलली? दुपारपर्यंत काही कोसळलं नाही आणि वर बसल्याचा पगार मिळत नाही हेही लक्षात आलं, तेव्हा माणसं एकेक करून खाली उतरली. त्यानंतर कित्येक वर्षांनी भलत्याच बाजूला थोडं छत ढासळलं, तर म्हातारे म्हणाले, बघा, आम्ही सांगितलं होतं.

तिथून पुढे त्या पाळीच्या मुख्य झाल्या, बचाव पथकाच्या कप्तान झाल्या, खाणीच्या मॅनेजर झाल्या, मग दोन-तीन खाणी मिळून त्यांच्या हाताखाली आल्या. प्रत्येक जागी त्या पहिल्या बाई. याचा त्यांना अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर थोडा जास्तच होता. कुणी चुकून म्हणालं की अमुक खाणीत त्याआधी एक बाई होती, तर बाई लगेच विचारत की ती खाली उतरायची की नुसती ऑफिसात बसायची. मी अशा वेळी आपल्या कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत राही.

सिंगापूरला त्यांना संचालक करून पाठवलं तो बहुमान आहे असं पत्रकात म्हटलं होतं. प्रत्यक्षात त्या मुख्यालयात फार प्रश्न विचारत होत्या, आणि सिंगापुरात प्रश्न विचारावा असं काही जमिनीखाली नव्हतं. इथे आल्यावर त्यांनी पहिला गोंधळ घरावरून घातला. कंपनीने मरीन परेडला समुद्र दिसणारा कॉन्डो तयार ठेवला होता. बाईंनी क्वीन्सटाउनला एका जुन्या इमारतीत भाड्याचा फ्लॅट घेतला, कारण खालीच हॉकर सेंटर, म्हणजे स्वस्त खाण्याच्या गाळ्यांचा बाजार होता आणि त्यांना स्वयंपाक येत नव्हता. आमचे सिंगापूरचे साहेब यामुळे खरोखर दुखावले. हे साहेब हिशेबाच्या बाजूने वर चढलेले, दाताला दात लावून हसणारे गृहस्थ. संचालकाने हाफ पँट घालून हॉकर सेंटरमध्ये नूडल्स खाव्यात आणि आपल्या बँकेच्या माणसाने ते पाहावं, हे त्यांना अपघातापेक्षा वाईट वाटत होतं.

तरीही बाईंचा एक उपयोग होता, आणि तो प्रसिद्धी विभागाच्या लक्षात आला. त्या विभागाची प्रमुख एक चुणचुणीत स्थानिक तरुणी होती. कशालाही नाही म्हणायची नाही, काही सांगा, ती म्हणणार, "कॅन, कॅन." तिने बाईंवर फिल्म काढायचं ठरवलं. कंपनीने बायकांसाठी खाणीची दारं कशी उघडली, हा विषय. ज्या जुन्या कंपनीने संडास बांधला नाही, ती आमच्याच कंपनीने मागे विकत घेतली होती, त्यामुळे बाईंचा छळही आता आमचा वारसा झाला होता. बाईंनी स्क्रिप्ट वाचून विचारलं की दार उघडलं तेव्हा मी कुठल्या बाजूला होते. तरुणी म्हणाली, ते एडिटिंगमध्ये बघू.

शूटिंगला खाण हवी. ती नव्हती. म्हणून आम्ही एका सकाळी माझ्याच घराजवळच्या, बुकित पंजांगजवळच्या बंद दगडखाणीवर गेलो. तिथे आता बाग आहे. उभा कडा, खाली हिरवं पाणी, पाण्यात कासवं. आम्ही पोचलो तेव्हा तिथे एका लग्नाच्या जोडप्याचे फोटो चालले होते. नवरीचा पांढरा झगा गवतावर लांबवर पसरलेला, आणि पलीकडे नारिंगी कपड्यांत, हेल्मेट घालून, कमरेला बॅटरी बांधून आमच्या बाई. फोटोग्राफर एकमेकांना वाकून जागा देत होते. येणाऱ्या पिढीचं प्रतीक म्हणून मलाही हेल्मेट घालून शेजारी उभं केलं होतं. मेकअप करणारीने बाईंच्या गालांवर काळी पूड चोळली, खाणीत मेहनत केल्यासारखी. आमची खाण तांब्याची, तिथे अशी काळी धूळ नसते, पण तो तपशील झाला. मग ती माझ्याकडे आली, तिने माझा चेहरा निरखून पाहिला आणि डबी बंद करून म्हणाली, "यू नो नीड."

बाईंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग खिशातून रुमाल काढून स्वतःचे गाल खसाखसा पुसले आणि कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. घरी आल्यावर मी लेकीला ही गोष्ट सांगितली. ती इथल्याच शाळेत वाढलेली; ती म्हणाली, "शी डिड्न्ट मीन इट, लाह." मग थोड्या वेळाने खोलीतून बाहेर येऊन तिने विचारलं की तू तिला काही बोललीस की नाही. मी म्हटलं नाही. ती परत खोलीत गेली.

फिल्मचं एडिटिंग चालू असतानाच दुसरं प्रकरण निघालं. दक्षिणेकडच्या एका बेटावर आमची तांब्याची खाण होती. तिथल्या बोगद्यांची चित्रं माझ्याकडे असत. खाणीतून बाहेर पडायला मुख्य उतरता बोगदा, आणि तो कधी आगीने किंवा धुराने बंद झाला तर शिडीची दुसरी वाट, खडकातून उभी वर गेलेली. माझ्या चित्रात ती हिरव्या रेघेने दाखवलेली होती. हिरवं म्हणजे चालू. साइटवरून तसंच आलं होतं. एका दुपारी बाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारलं, ही वाट तू पाहिली आहेस का? मी म्हटलं, हे काय, हिरवी आहे.

"मी रंग नाही विचारला," बाई म्हणाल्या.

पुढच्याच आठवड्यात त्या मला घेऊन निघाल्या. साहेबांचं म्हणणं होतं की ड्रोनने तपासता येईल. बाई म्हणाल्या, आग लागल्यावर ड्रोनला पळायचं नसतं.

विमानात मी घाबरलेली होते आणि घाबरले की मी फार बोलते. बोलता बोलता मी त्यांना पणजीची गोष्ट सांगितली, जी मी आजवर ऑफिसात कुणालाच सांगितली नव्हती. माझी पणजी कोळशाच्या खाणीत खाली काम करायची. गोऱ्या मालकाची खाण होती. पणजोबा कोळसा फोडायचे आणि ती टोपली डोक्यावर घेऊन चढण चढायची. एक मूल कडेला गोधडीवर झोपलेलं असायचं. अशा पुष्कळ बायका होत्या, आणि बहुतेक आमच्यासारख्यांच्याच घरच्या. ज्यांना गावातल्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते त्यांना खाणीत उतरायला कुणी अडवत नव्हतं. मग वर कुठेतरी ठरलं की हे बायकांचं काम नाही. कायदा झाला आणि पणजीची मजुरी गेली. घरात तिच्याबद्दल एवढंच सांगतात की खदान सुटल्यावर ती रडली होती, आणि आजोबांना तिच्या रडण्याचं नवल वाटलं होतं.

बाईंनी हातातला कागद घडी करून ठेवला. मला वाटलं, त्या हेलावल्या. तसं नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं की ती नक्की जमिनीखाली जायची का, की वर टोपल्या उचलायची. मी म्हटलं, खालीच. मग त्यांनी विचारलं की किती खोल. मला माहीत नव्हतं. त्या खिडकीबाहेर ढगांकडे पाहत बसल्या. सगळं आयुष्य पहिली म्हणून काढलेल्या बाईला एके दिवशी विमानात अचानक कळलं की आपण पहिल्या नाही, आणि ते पचायला तो पूर्ण प्रवास लागला. उतरताना सामान काढत त्या म्हणाल्या, "तिलाही संडास नसेलच." त्यांच्या तोंडून कबुली ती एवढीच, पण मला पुरली.

खाणीत मी त्या दिवशी पहिल्यांदा उतरले. इतकी वर्षं जे बोगदे मी बोटाने फिरवत होते ते गरम होते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. चित्रात बोगद्याला घाम येत नाही, वास नसतो, पायाखाली चिखल नसतो. गाडीतून उतरून दिवा वर केला तर छत माझ्या चित्रातल्यासारखं गुळगुळीत नव्हतं. जाळी ठोकून धरलेला खडक होता, आणि तो वरून आपल्याकडे बघतोय असं वाटत होतं. बाईंचा चेहरा मात्र उजळला होता, माहेरी आल्यासारखा.

शिडीची वाट एका कोपऱ्यात होती. बाई पुढे चढल्या, मी मागून. त्यांचं वय निवृत्तीला टेकलेलं, तरी त्या न थांबता चढत होत्या आणि मी मध्येमध्ये शिडीला मिठी मारून श्वास घेत होते. निम्म्याच्या आसपास कुठेतरी त्यांचे पाय थांबले. वरून फुटका खडक उतरून वाट बुजलेली होती. त्यातून पाणी ठिबकत होतं. बाईंनी दिव्याच्या उजेडात सगळीकडे नीट पाहून घेतलं आणि खाली मला विचारलं की तुझ्या चित्रात आपण आत्ता कुठे आहोत.

"हिरव्यात," मी म्हटलं.

खाली आल्यावर त्यांनी खाणीच्या मॅनेजरला बोलावून सांगितलं की वाट मोकळी होईपर्यंत काम बंद, माणसं वर काढा. तेवढा अधिकार संचालक म्हणून त्यांना होता. त्यांना तो देताना कुणाला वाटलं नसणार की त्या वापरतील. मॅनेजरने वाद घातला नाही. तो खुर्चीत बसला आणि त्याने बूट सैल केले. त्याने हे वर अनेकदा सांगितलं होतं आणि प्रत्येक वेळी त्याला पुढची तिमाही दाखवण्यात आली होती.

सिंगापूरला परत आलो तर साहेब हसत नव्हते. सबंध मीटिंगमध्ये शिडी हा शब्द एकदाच आला. बाकी सगळं उत्पादन, बाजार आणि बाहेर काय दिसेल यावर. एकाने सुचवलं की काम बंद म्हणण्याऐवजी नियोजित विराम म्हणावं. साहेबांनी बाईंना अगदी मऊ आवाजात सांगितलं की तुमची कळकळ आम्हाला समजते. बाई म्हणाल्या, कळकळ नाही, खडक आहे. पण आदेश मागे घ्यायचा तर घेणाऱ्याला आपलं नाव घालावं लागलं असतं, आणि आमच्या ऑफिसात नाव घालायची सवय फक्त फोटोंखाली होती. त्यामुळे आदेश राहिला.

याच गडबडीत खाणधंद्याचा वार्षिक बक्षीससमारंभ आला, आणि त्यात बाईंचा सत्कार होता. मोठ्या हॉटेलात जेवण, या धंद्यातली सगळी मंडळी, बँकवाले, विमावाले, आणि पडद्यावर आमची फिल्म. बाई कासवांच्या तळ्यासमोर उभ्या, मागे गंभीर संगीत, आणि निवेदन की आम्ही दार उघडलं. मग त्यांना काचेची एक जड वस्तू देण्यात आली आणि दोन शब्द बोलायला सांगितलं.

बाई सरळ बोलल्या. दार कंपनीने उघडलं नव्हतं, संडासाचं निमित्त करून लावून घेतलं होतं. मला पहिली म्हणतात, पण त्या टेबलाशी बसलेल्या इंजिनिअरची पणजी माझ्या कितीतरी आधी भारतातल्या खाणीत डोक्यावर कोळसा वाहत होती, तिला कुणी जेवायला बोलावलं नाही. आणि दारांचं म्हणाल तर आमच्या खाणीतून जीव घेऊन बाहेर पडायचं दुसरं दार बुजलेलं आहे, म्हणून मी काम थांबवलं आहे. विम्याची मंडळी समोर आहेत, त्यांनी साहेबांना जरूर विचारावं. एवढं बोलून त्या खाली आल्या आणि पुडिंग खाऊ लागल्या.

मला वाटलं, आता छत कोसळणार. लोक उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. साहेबही उभे राहून टाळ्या वाजवत होते, सगळ्यांत जोरात. दुसऱ्या दिवशी त्यांनी समाजमाध्यमावर लिहिलं की आमच्या कंपनीत नेतृत्वाला निर्भयपणे बोलता येतं. मी त्या रात्री शिकले ते हे, की खरं बोललं की लोक चिडतात हा जुना समज आहे. आता ते टाळ्या वाजवतात आणि तुम्हाला सल्लागार करतात. बाईंना महिन्याभरात ज्येष्ठ सल्लागार करण्यात आलं. सल्लागाराला टेबल नसतं.

विमावाल्यांनी मात्र खरंच विचारलं, त्यामुळे शिडीची वाट मोकळी करून नवी बसवावीच लागली.

मग प्रसिद्धीवाली माझ्याकडे आली. महिला दिन जवळ आला होता. तिला माझ्या पणजीचा फोटो हवा होता. मी सांगितलं की फोटो नाही. आमच्या घरात ज्या पिढीला पहिला फोटो मिळाला ती आजोबांची. तिला वाईट वाटलं, अगदी मनापासून. मग तिचा चेहरा खुलला आणि ती म्हणाली की एआयने करता येईल. मी नको म्हटलं, दोनदा म्हटलं. ती कॅन, कॅन म्हणत गेली, आणि मला वाटलं की ते माझ्या नकोला होतं.

महिला दिनाच्या सकाळी लिफ्टचं दार उघडलं तर समोरच्या काचेवर माझी पणजी माणसाएवढी उभी. नाकात नथ, अंगावर इस्त्रीची पैठणीसारखी साडी, डोक्यावर पिवळं हेल्मेट, दात पांढरे शुभ्र आणि हातात टोपलीत चकाकणारा कोळसा. रंगही चांगला दोन हात उजळ. खाली लिहिलं होतं की आमचा प्रवास तिच्यापासून सुरू झाला. लोक तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढत होते. एक-दोघांनी माझं अभिनंदन केलं आणि म्हणाले की तू अगदी तिच्यासारखी दिसतेस.

मी साहेबांकडे गेले आणि ते चित्र उतरवा म्हटलं. त्यांनी मला बसवलं. हा आदरांजलीचा प्रकार आहे, असं ते म्हणाले. मी म्हटलं, ती ही बाई नाही. ते म्हणाले, पण भावना तीच आहे. मी म्हटलं, तुमच्या कंपनीचा प्रवास तिच्यापासून सुरू झाला नाही, ती दुसऱ्याची मजूर होती आणि तिला काढून टाकलं होतं. साहेबांनी मान तिरकी करून मऊ आवाज काढला. "तुमचं दुःख आम्हाला समजतं."

दुःख मला नव्हतंच. मी बाहेर आले, रिसेप्शनवरून कात्री मागून घेतली, आणि काचेवरचं चित्र एका कोपऱ्यातून सोलायला सुरुवात केली. चांगल्या प्रतीचं चिकटवलं होतं, पट्ट्यापट्ट्यांनी निघत होतं. सगळं ऑफिस बघत होतं आणि कुणी जवळ येत नव्हतं. प्रसिद्धीवाली आली. मला वाटलं ती थांबवील. तिने नखाने दुसरा कोपरा उचलला आणि ती सोलू लागली. नथ तिने काढली, हेल्मेट मी.

माझी नोकरी सोडायची पत्रापत्री पुढे सभ्यपणे झाली. त्यानंतर काही काळाने त्या खाणीत मुख्य बोगद्यात एका गाडीने पेट घेतला. पाळीतली माणसं शिडीच्या वाटेने वर आली, सगळी. मला हे त्या मॅनेजरने फोन करून सांगितलं. सुरक्षिततेचं बक्षीस त्या वर्षी साहेबांना मिळालं. त्यांनी भाषणात शिडीचा उल्लेख केला, असं ऐकते.

बाई ऑस्ट्रेलियाला परतल्या होत्या. निवृत्त होऊन बागकाम करतील असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी एक लहानशी, कुणाला नको असलेली खाण चालवायला घेतली आणि मला फोन केला. खाली उतरून बोगदे आखणारं माणूस हवं आहे, म्हणाल्या. काही आठवडे तिकडे, काही आठवडे घरी. माझा नवरा मरीन इंजिनिअर, तो महिनोन्महिने बोटीवर. लेकीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एक पाण्यावर, एक जमिनीखाली. नाइस, लाह." तिच्याजवळ राहायला चंद्रपूरहून आई आली. आईला बुकित पंजांगची एलआरटी, ती पुलावरून धावणारी छोटी बिनड्रायव्हरची गाडी, आवडली. ती नुसतीच तिच्यात बसून गोल फिरून येते.

बाईंच्या हाताखाली काम करणं त्रासाचं आहे हे मला तिथे गेल्यावर कळलं. कौतुक त्या करत नाहीत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझी एक आखणी सगळ्यांसमोर परत केली, कारण मी वळण फार सुबक काढलं होतं आणि गाडीला सुबकपणा लागत नाही. मी रुसले. त्यांनी चहा केला आणि कप माझ्या पुढ्यात ठेवला. मी तो सगळा प्यायले, टोपीला दिवा लावला आणि खाली गेले.